वाईन व्हिस्कीवर नाही, साखरेवर तरंगते

प्रश्न निपाणीच्या एका काकांनी पाठवलाय. थोडक्यात असा: बेंगळुरूला नोकरीला असलेल्या भाच्यानं यांना एका बारमध्ये दोन रंगांचं ड्रिंक पाजलं. खाली सोनेरी व्हिस्की, वर रेड वाईनची तांबडी पट्टी. घरी आल्यावर यांनी तेच करून बघितलं. ग्लासात दोन पेग व्हिस्की, बर्फ, वरून गोव्याची पोर्ट वाईन आणि शेवटी थोडा सोडा. पट्टी काही बसली नाही. सगळं मिसळून विटकरी गढूळ झालं, चव खोकल्याच्या औषधासारखी लागली आणि सकाळी डोकं धरलं ते वेगळंच. वाईन आणि व्हिस्की एकत्र करूच नये की आपल्या करण्यात काही राहतंय, असं विचारलंय.

एकत्र करायला काही हरकत नाही, काका. तुमच्या भाच्यानं पाजलं त्याला न्यूयॉर्क सावर (सावर म्हणजे आंबट) म्हणतात आणि ते जुनं, मानाचं कॉकटेल आहे. व्हिस्की, लिंबू आणि साखर हे व्हिस्की सावर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. त्याच्यावर रेड वाईन ओतायची टूम १८८० च्या दशकात शिकागोच्या एका बारवाल्यानं काढली असं सांगतात. मधल्या काळात त्याला कॉन्टिनेन्टल सावर, सदर्न व्हिस्की सावर अशी नावं होती, शेवटी न्यूयॉर्कचं नाव चिकटलं. आज आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीतही ते आहे. त्यांचं माप असं: राय (राय नावाच्या धान्याची) किंवा बर्बन (मक्याची अमेरिकन) व्हिस्की ६० मिलि, लिंबाचा ताजा रस ३० मिलि, साखरेचा पाक २२.५ मिलि, अंड्याचा पांढरा बलक थोडासा, आणि वरून शिराझ किंवा माल्बेक जातीची रेड वाईन १५ मिलि.

हे माप वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की तुमच्या ग्लासात यातलं निम्मं सामान नव्हतंच. लिंबू नाही, पाक नाही. लोकांना वाटतं लिंबू-साखर चवीपुरती असते, पट्टी बसते ती बारवाल्याच्या हाताच्या कौशल्यानं. गोव्यात आणि नंतर बेळगावात बारमागं उभं राहून माझी निम्मी हयात गेली, त्या जोरावर सांगतो, हाताचं काम दोन आणे. बाकीचे चौदा आणे साखरेचे.

कसं ते बघा. आपल्याकडची व्हिस्की साधारण ४२.८ टक्के अल्कोहोलची. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून एक मिलि व्हिस्कीचं वजन भरतं ०.९५ ग्रॅमच्या आसपास. साखर न उरलेली कोरडी रेड वाईन १२ ते १४ टक्क्यांची, तिचं वजन ०.९९ च्या जवळपास. म्हणजे नुसत्या व्हिस्कीवर वाईन ओतली तर वाईन जड, ती खाली जाणारच. तुम्ही कितीही हळू ओता, चमच्यावरून ओता, नाहीतर देवाचं नाव घेऊन ओता. आता त्याच व्हिस्कीत पाक घाला. समान वजनाच्या साखर-पाण्याचा पाक मिलिला १.२३ ग्रॅम भरतो. लिंबाचा रसही पाण्यापेक्षा थोडा जड. हे तिन्ही एकत्र आले की मिश्रण मिलिला १.०२ ग्रॅमपर्यंत जातं, आणि मग ०.९९ ची वाईन त्याच्यावर राहते. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ आहे.

म्हणून कुणी म्हणालं की 'मला गोड आवडत नाही, पाक जरा कमीच घाला', तर मी सांगतो, मग पट्टीचा आग्रह सोडा. ६० मिलि व्हिस्कीला १० मिलि पाक घातला तर मिश्रणाचं आणि वाईनचं वजन जवळजवळ सारखंच होतं आणि दोन्ही एकमेकांत जिरतात. मधुमेहवाले साखरेऐवजीच्या गोळ्या विरघळवून बघतात, तेही जमत नाही. गोळीनं गोडी येते, वजन येत नाही. (आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर ड्रिंकचा विचार आधी डॉक्टरांशी बोलून करा, पट्टी राहिली बाजूला.)

आता तुमच्या पोर्ट वाईनकडे येतो, कारण आपल्या भागात ही अडचण घरोघरी आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळं आपल्याकडं वाईन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ती गोड पोर्ट येते. नाताळात बेळगावच्या कॅम्पातल्या किंवा खानापूरकडच्या ख्रिस्ती ओळखीच्या घरून येणारी घरगुती द्राक्षाची वाईनही तशीच गोड. प्यायला छान, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्यात साखर भरपूर असते, म्हणून ती जड असते आणि सावरवर ओतली की सरळ बुडाला जाऊन बसते किंवा अर्ध्यावर लोंबकळत सगळं गढूळ करते. चवीचंही तसंच. खाली गोड, वर गोड, मग जीभ कंटाळते. या ड्रिंकला वाईन हवी ती कोरडी. बाटलीवर कॅबरने, शिराझ, मर्लो, सॅन्जिओवेझे असं द्राक्षाचं नाव असेल आणि गोड असल्याचा उल्लेख नसेल तर बहुतेक वेळा चालते. कॅबरने-शिराझची मिश्र वाईन मला सगळ्यात बरी वाटते. रंग दाट आणि तोंडात तो जरा ओढल्यासारखा कोरडेपणा येतो, कच्च्या जांभळानं जीभ धरते तसा. तोच हवाय, कारण खालच्या आंबटगोडाला त्यानं आवर बसतो.

यासाठी परदेशी बाटली शोधायची काहीच गरज नाही. आपण बसलोय ते द्राक्षांच्या मुलखातच. वर नाशिक आहे, सोलापूर जिल्ह्यात अकलूज आहे, आपल्या कर्नाटकात हंपी हिल्स आहे, बेंगळुरूजवळ नंदी हिल्स आहे. या सगळ्या ठिकाणच्या कोरड्या रेड वाईन चांगल्या आहेत. अथणी-विजयपूरकडची जी द्राक्षं आपण खातो किंवा ज्यांचे बेदाणे होतात त्या जाती वेगळ्या. वाईनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची असतात आणि हा तांबडा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतून येतो. ग्लासात जायची आहे जेमतेम १५ मिलि, म्हणून महागातली घेऊ नका. पण उघडून महिनाभर फळीवर ठेवलेलीही घालू नका, ती आतापर्यंत सिरक्याच्या वाटेला लागलेली असते. उघडलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फार तर पाच.

इथं लगेच दुसरा प्रश्न येतो. ७५० मिलिच्या बाटलीतून १५ मिलिच्या हिशोबानं पन्नास ड्रिंकं निघतात, मग उरलेल्या वाईनचं करायचं काय? एक तर अर्धी बाटली मिळते का बघा. नाही मिळाली तर पूर्ण आणा, जेवणाबरोबर प्या, आणि तरी कपभर उरली तर तिचा पाक करून ठेवा. २०० मिलि वाईन, २०० ग्रॅम साखर, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. थंड करून स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन आठवडे राहतं. हा पाक पट्टीसाठी नाही, तो जड असतो. साध्या पाकाऐवजी तो व्हिस्की सावरमध्ये घाला, सगळं ड्रिंक एकसारखं गुलाबी होतं. आमच्याकडं पावसाळ्यात बरेच जण तेच मागतात, खोटं कशाला सांगू, मलाही पट्टीपेक्षा कधी कधी तेच जास्त आवडतं.

व्हिस्कीबद्दल फार बोलत नाही. मूळ कृतीत राय किंवा बर्बन आहे. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते, त्यामुळं व्हॅनिला-कॅरॅमलसारखा गोडसर वास येतो आणि तो वाईनशी जुळतो. बर्बन बेळगावच्या मोठ्या दुकानांत मिळते. नसली तरी अडत नाही. आपल्या बहुतेक रोजच्या ब्रँडांत उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट आणि थोडं माल्ट (मोड आणलेल्या बार्लीचं स्पिरिट) असतं. त्यातली जरा बऱ्यापैकी, घशाला न टोचणारी घ्या. धुरकट वासाची स्कॉच मात्र नको, धूर आणि वाईनचा तुरटपणा एकत्र आला की जळकं लागतं. आणि अमृत किंवा पॉल जॉन या भारतीय कंपन्यांचं सिंगल माल्ट कुणी भेट दिलं असेल तर ते नुसतं प्या हो, लिंबात कशाला बुडवता!

बाटली कुठून आणायची तेही सांगतो, कारण आपल्याकडं विचारल्याशिवाय राहत नाहीत. इथल्या दुकानातूनच आणा. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून परवान्याशिवाय गाडीत टाकून घाट चढवणं बेकायदा आहे आणि रस्त्यात अबकारीवाले गाड्या तपासतात. पलीकडं कोल्हापूरला पाहुण्यांकडं घेऊन जायचं म्हणाल तर महाराष्ट्रात बाटली बाळगायला परवाना लागतो, वयाचे नियमही तिकडचे वेगळे. दोनशे रुपये वाचवायला गाडी अडकवून घेऊ नका.

आता लिंबू. मूळ कृतीतलं लिंबू म्हणजे पिवळं, मोठं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू वेगळं. बारीक, पातळ सालीचं, वास तिखट. आपल्या बाजारात इंडी तालुक्यातलं लिंबू येतं, ते तर नावाजलेलंच. त्याचा ३० मिलि रस घातला तर दात आंबतात. मी २० ते २२ मिलिवर थांबतो. एका बऱ्या लिंबातून १० ते १५ मिलि निघतो, म्हणजे एका ग्लासाला दोन लिंबं धरा. पिळायच्या आधी तळहाताखाली ओट्यावर दाबून फिरवा. आणि पिळताना शेवटच्या थेंबासाठी सालीचा चोथा करू नका, सालीतला कडवटपणा रसात उतरतो आणि वरून वाईनचा तुरटपणा आला की तो दुप्पट लागतो. रस बिया गाळून घ्या, आयत्या वेळी पिळा. सकाळी पिळून ठेवलेला रस संध्याकाळी उतरलेला असतो. बाटलीबंद रसाचं नावच काढू नका.

पाकाला १०० ग्रॅम साखर, १०० मिलि पाणी. कोमट करून ढवळलं की झालं, तार बघत बसायची नाही. सात ग्लासांना पुरतो. बरेच जण हौसेनं गूळ घालतात. आपल्या सीमाभागात गुऱ्हाळं आहेत, घरात चांगला गूळ असतो, हौस समजू शकतो. आणि मळीच्या व्हिस्कीला गूळ चवीला शोभतोही, शेवटी दोघं उसाचेच. पण गुळानं खालचा रंग इतका तपकिरी होतो की तांबडी पट्टी दिसतच नाही. पट्टी हवी तर पांढरी साखर किंवा खडीसाखर. गूळ घालायचाच तर वाईन वगळून नुसतं सावर करा.

सामानाचं सांगतो, म्हणजे शेकर आणायला पळू नका. घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची स्टीलची पाण्याची बाटली चालते. काचेची बरणी नको, बर्फानं तडकली तर हाताला लागेल. चहाची गाळणी हवी, ती धुऊन पुसून, नाहीतर वेलदोड्याचा वास उतरतो. मापाला सगळ्यात भरवशाची वस्तू घरात पडून असते: खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लॅस्टिकचं छोटं माप. त्याच्यावर ५, १०, १५ च्या रेघा असतात. 'अंदाजे' हा शब्द मटणाच्या रश्शाला ठीक आहे. इथं ५ मिलि पाक कमी-जास्त झाला तरी पट्टीत फरक दिसतो.

बर्फाकडं लोक लक्ष देत नाहीत. घरच्या फ्रीझरमधल्या ट्रेला शेजारच्या मासळीचा, वाटाण्याचा वास लागलेला असतो आणि तो पहिल्याच घोटात कळतो. पाणी उकळून गार करून झाकणाच्या ट्रेत लावा. हलवायला साधे चौकोनी खडे, आणि ग्लासासाठी एखाद-दुसरा मोठा खडा. छोट्या स्टीलच्या वाटीत पाणी गोठवलं की चांगला मोठा खडा मिळतो, तो हळू विरघळतो. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली असेल तर संध्याकाळी तो बर्फ वरून ओला आणि आतून पोचट असतो. तसल्या बर्फानं ड्रिंक पाणचट होतं, त्या दिवशी बेत पुढं ढकला.

करायचं असं. माझं घरगुती माप मूळ मापापेक्षा जरा हलकं आहे: व्हिस्की ४५ मिलि, लिंबाचा रस २०, पाक २०, वाईन १५. व्हिस्की कमी केल्यानं साखरेचा वाटा वाढतो, मिश्रण जरा जड होतं, नवशिक्याला पट्टी बसवायला सोपं जातं. आणि चवीलाही कमी पडत नाही. व्हिस्की, रस, पाक डब्यात घाला, डबा निम्म्याच्या वर बर्फानं भरा, झाकण लावून दोन्ही हातांनी धरून दहा-बारा सेकंद जोरात हलवा. हळूहळू नाही, जोरात, आत बर्फ खडखडला पाहिजे. स्टील इतकं गार पडतं की बोटं चिकटल्यासारखी होतात आणि बाहेरून डब्याला घाम फुटतो. तिथं थांबायचं. मोठा खडा ठेवलेल्या बुटक्या रुंद ग्लासात गाळा. वरती दोन बोटं जागा ठेवा.

आणि आता वाईन. घाईला इथंच मार बसतो. आधी अर्धा मिनिट थांबा, हलवल्यानं उठलेले बुडबुडे आणि हालचाल शांत होऊ द्या. चमचा उलटा धरा, पाठ वर. त्याचं टोक ग्लासाच्या आतल्या कडेला टेकवा, अगदी मिश्रणाच्या पातळीलगत, पण बुडवू नका. १५ मिलि वाईन मापात घेऊन चमच्याच्या पाठीवर बारीक धार सोडा. पहिले दोन-चार थेंब खाली डुबकी मारतील, घाबरू नका. मग वाईन चमच्यावरून आडवी पसरायला लागते, बर्फाच्या खड्याला वळसा घालते आणि अर्ध्या बोटाएवढ्या जाडीची तांबडी पट्टी तयार होते. पट्टीच्या खालच्या कडेला गुलाबी धुरासारख्या बारीक रेघा सोनेरी भागात उतरताना दिसतात. ते बिघडणं नव्हे, ते तसंच असतं आणि ग्लास उजेडात धरला की तेच बघायला लोक दोन मिनिटं पितच नाहीत.

हात थरथरत असेल किंवा चमचा जमत नसेल तर औषधाच्या दुकानातून बिनसुईची १० मिलिची सिरिंज आणा. टोक ग्लासाच्या कडेला टेकवून दट्ट्या हळू दाबा. बारमध्ये हे कुणी करत नाही, पण घरी कोण बघतंय? धार इतकी एकसारखी येते की चमच्यापेक्षा पट्टी सरळ बसते.

ढवळायचं नाही. स्ट्रॉ द्यायचा नाही. ओठाला आधी तुरट, कोरडी वाईन लागली पाहिजे आणि तिच्या मागून आंबटगोड गार सावर आलं पाहिजे, सगळी गंमत त्या क्रमात आहे. स्ट्रॉनं थेट बुडातलं ओढलं तर वाईन शेवटी एकटीच उरते. सोडाही घालू नका, बुडबुडे वर येताना पट्टी फोडतात. तुमच्या ग्लासाचं जे विटकरी पाणी झालं त्यात शेवटचा घाव सोड्याचा होता.

अंड्याबद्दल. पांढऱ्या बलकानं ड्रिंक मऊ होतं, वर दाट फेस बसतो आणि लिंबाचं टोक बोथट होतं. घालायचा असेल तर एका ग्लासाला १५ मिलि, म्हणजे साधारण निम्मा बलक. तो घालून आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद हलवा, मग बर्फ घालून परत. बर्फाशिवाय हलवताना झाकण घट्ट दाबून धरा, आत फेसाचा दाब तयार होतो आणि झाकण उडालं तर भिंत रंगते. ग्लासात ओतल्यावर फेस वर येईपर्यंत थांबा आणि मग वाईन त्याच्यावर बारीक धारेनं सोडा. वाईन फेस भेदून खाली जाते आणि फेसाच्या खाली, सावरच्या वर, मधोमध बसते. तीन थर होतात: पांढरा, तांबडा, सोनेरी. दिसायला याच्यासारखं दुसरं नाही. पण अंडं कच्चंच राहतं. व्हिस्कीनं किंवा लिंबानं त्यातले जंतू मरतात या भरवशावर राहू नका. अंडं ताजं, न तडकलेलं, स्वच्छ असावं आणि घरात वयस्कर किंवा आजारी माणूस पिणार असेल तर त्यांच्या ग्लासात घालूच नये.

आपल्याकडं अंडं न चालणारी घरंही पुष्कळ. व्हिस्की चालते पण अंडं चालत नाही, असं सांगणारे मला हसू येऊ न देता सांगतात, आणि मीही न हसता ऐकतो. त्यांच्यासाठी छोल्यांचं पाणी. छोले रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात मीठ आणि सोडा न घालता शिजवा. थंड झाल्यावर ते पाणी बोटाला पांढऱ्या बलकासारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. पातळ असेल तर थोडं आटवा. २० मिलि घाला, बाकी कृती अंड्याची. फेस तितकाच चांगला बसतो आणि छोल्यांची चव लिंबात हरवते. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेत गोठवून ठेवता येतं. कुकरमध्ये सवयीनं मीठ पडलं असेल तर मात्र ते पाणी आमटीत घाला.

डोकं का धरलं, तेही विचारलंय. वाईन आणि व्हिस्की 'एकत्र आल्यामुळं' असं काही होत नाही. एकूण किती पोटात गेलं ते बघायचं. ६० मिलि व्हिस्कीत जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, १५ मिलि वाईनमध्ये जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे मूळ मापाचा एक ग्लास हे दोन पेग धरायचे, माझ्या हलक्या मापाचा दीड पेगाच्या वर. गोड-आंबट असल्यामुळं तो सरबतासारखा झपाट्यानं जातो, हाच त्याचा धोका. तुम्ही दोन पेगांवर पोर्ट किती ओतलीत ते लिहिलं नाही, पण पट्टी बसेना म्हणून आणखी, आणखी असं झालं असणार. काही लोकांना रेड वाईननं थोडीशी घेतली तरी डोकं दुखतं. तसं असेल तर तुम्ही नुसतं व्हिस्की सावर प्या. प्रत्येक ग्लासाबरोबर ग्लासभर पाणी, रिकाम्या पोटी नाही, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या असतील तर अजिबात नाही, आणि नंतर गाडीची किल्ली हातात नाही.

बरोबर खायला काय? आपला हात आधी झणझणीत सुक्क्या मटणाकडं जातो. तिखटानं अल्कोहोल जास्त जाळतं आणि वाईनचा तुरटपणा खरखरीत होतो, म्हणून या ड्रिंकबरोबर मी तिखट टाळतो. भाजलेले खारे शेंगदाणे, तुपात परतलेले काजू, चीजचे तुकडे, मिरीवर भाजलेलं चिकन हे जुळतं. आणि समोर कुंद्याचा (बेळगावच्या गोड मिठाईचा) डबा उघडून ठेवू नका. कुंद्याचा घास खाऊन वर हे प्यायलं तर पाक घालायचा राहिला की काय असं वाटेल इतकं आंबट लागतं.

थंडीच्या दिवसांसाठी एक वेगळा प्रकार सांगून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री बर्फाचं ड्रिंक नको वाटतं. अशा वेळी चौघांसाठी ३०० मिलि कोरडी रेड वाईन, ३०० मिलि पाणी, चार चमचे गूळ, दालचिनीचा बोटभर तुकडा, पाच-सहा लवंगा आणि संत्र्याच्या सालीचे दोन पट्टे (आतला पांढरा भाग काढून) मंद आचेवर ठेवा. वाफा यायला लागल्या की गॅस बंद. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, खळखळ उकळत ठेवलंत तर ते बरंचसं उडून जातं आणि मागं काढ्यासारखं काहीतरी उरतं. झाकून दहा मिनिटं मुरू द्या, गाळा, आणि गॅस बंद असतानाच प्रत्येक कपात ३० मिलि व्हिस्की वरून घाला. व्हिस्की पातेल्यात ओतून परत आचेवर ठेवू नका, तिची वाफ पेट घेते. इथं गूळ घालायला काही अडत नाही, पट्टी कुणाला बघायची नाही. आणि तुमची ती पोर्ट इथं खुशाल वापरा. ती आधीच गोड असल्यानं गूळ एकच चमचा पुरे.